शाळेची भाषा आणि घराची भाषा

मुलाने शाळेत कोणत्या भाषेतून शिकावे, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये १८४७ च्या सुमारास याच प्रश्नावरून उघड फूट पडली होती. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते होते. उलट जर्व्हिस आणि त्यांच्यासह जगन्नाथ शंकरशेट प्रभृती तिघे भारतीय सभासद देशी भाषांतून शिक्षण द्यावे, या मताचे होते. त्या वादातील बहुतेक युक्तिवाद आजही थोड्याफार फरकाने ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मुलाला त्याच्या भाषेतून शिकवा, म्हणजे त्याला समजेल. दुसरा म्हणतो, त्याला इंग्रजीतून शिकवा, म्हणजे त्याला जगता येईल. दोन्ही पक्ष मुलाच्या हिताचीच भाषा बोलतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

प्रस्तुत प्रकरणात हा वाद एका लहानशा भूभागाच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे. हा भूभाग म्हणजे बंगळूर शहरातील शिवाजीनगर. ज्या वस्तीत घरोघरची भाषा निराळी, राज्याची भाषा निराळी आणि महत्त्वाकांक्षेची भाषा आणखी निराळी, तेथे 'मातृभाषा की इंग्रजी' हा सरळ दिसणारा प्रश्न किती अपुरा ठरतो, हे तेथे स्पष्टपणे दिसून येते.

एका वस्तीच्या भाषा

इंग्रजांनी १८०९ मध्ये बंगळूर येथे लष्करी छावणी वसविली. छावणीच्या आश्रयाने जी बाजारवस्ती वाढली, तिला ब्लॅकपल्ली असे नाव होते. तीच आजचे शिवाजीनगर. मद्रासकडील पलटणींबरोबर तमिळ व तेलुगू बोलणारे शिपाई, ठेकेदार, गवंडी, कारागीर आणि व्यापारी येथे आले. दख्खनी बोलणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांची आणि कसबी कामगारांची वस्ती वाढली. अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्रजी बोलत. कन्नड भाषेचे बळ मुख्यतः जुन्या शहरात, म्हणजे पेठेत होते. 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' या नावाने ओळखला जाणारा छावणीचा प्रदेश म्हैसूर संस्थानच्या कारभाराबाहेर होता. तो जुलै १९४७ मध्ये संस्थानाकडे परत आला आणि १९४९ मध्ये पेठ व छावणी मिळून एक महानगरपालिका झाली. नकाशावर दोन गावे एक झाली. परंतु त्यांच्या भाषांचा इतिहास इतक्या सहजासहजी एक होणे शक्य नव्हते.

आज शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या परिसरात फेरी मारणाऱ्या माणसाच्या कानावर एकाच वेळी दख्खनी, तमिळ, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी पडते. तेथील सेंट मेरी बॅसिलिकेच्या सप्टेंबरमधील उत्सवात निरनिराळ्या भाषांतून प्रार्थना होतात. मराठी माणसाला या वस्तीत आणखी एक गोष्ट जाणवते. येथील दख्खनी बोलणारा 'नहीं चाहिए' असे न म्हणता 'नक्को' म्हणतो. 'कायकू' असे विचारतो. एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा झाल्यास त्याला 'च' जोडतो. 'नको', 'काय' आणि निश्चयार्थक 'च' ही मराठीची देणी आहेत. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, आणि वस्तीने पुढे शिवाजीमहाराजांचे नाव घेतले. परंतु मराठीचा याहूनही अधिक दैनंदिन ठसा या 'नक्को'मध्ये उमटलेला आहे.

ही बाब केवळ कुतूहलाची नाही. दख्खनी बोलणाऱ्या घरातील मूल शाळेच्या नोंदवहीत 'मातृभाषा उर्दू' म्हणून दाखल होते. मात्र उर्दू पाठ्यपुस्तकातील भाषा आणि त्याच्या आईची भाषा यांत बरेच अंतर असते. शब्द निराळे, अनेकवचनाची रूपे निराळी, उच्चार निराळे. तमिळ मुलाची स्थितीही फारशी वेगळी नाही, कारण लिखित तमिळ आणि बोली तमिळ यांतील अंतर प्रसिद्धच आहे. त्यात बंगळूरच्या तमिळने कन्नडमधून पुष्कळ शब्द उचलले आहेत. तात्पर्य, येथील मूल ज्या दिवशी शाळेची पायरी चढते, त्या दिवशी, शाळा कोणत्याही माध्यमाची असो, ते एका नव्या भाषेत पाऊल टाकते. प्रश्न एवढाच असतो, की ती पायरी किती उंच असावी.

एक साधे उदाहरण घेऊ. 'बाकी' हा शब्द मूळ अरबी. तो दख्खनीत आहे, कन्नडमध्ये आहे, तेलुगूत आहे, तमिळमध्ये 'पाक्की' या रूपाने आहे, आणि मराठीत तर आहेच. मार्केटात भाजी घ्यावयास गेलेले सात वर्षांचे मूल पन्नासाची नोट देते आणि बाकी परत घेते. भागाकार शिकवीत असताना शिक्षकाने 'बाकी' म्हटले, तर या वस्तीतील कोणत्याही घरच्या मुलाला निदान एक टोक हाती लागते. त्याऐवजी फक्त 'रिमेंडर' म्हटले, तर मुलाला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात : भागाकार आणि शब्द. शिक्षकाला वाटते, की मुलाला गणित येत नाही. मुलालाही हळूहळू तसेच वाटू लागते.

दोन पद्धती आणि तिसरी गोष्ट

पुढे जाण्यापूर्वी संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. मुलाची स्वतःची भाषा आणि दुसरी एखादी भाषा, अशा दोन भाषांचा बोधभाषा म्हणून नियोजनपूर्वक उपयोग करणे, याला द्विभाषिक शिक्षण म्हणतात. यात मुलाची भाषा काही वर्षे वापरून पुढे सोडून दिली जाते, किंवा दोन्ही भाषा अखेरपर्यंत चालू राहतात. दुसऱ्या पद्धतीत मुलाला प्रारंभापासून नव्या भाषेच्याच वातावरणात ठेवतात. तिला आपण निमज्जन पद्धती म्हणू.

निमज्जन पद्धतीची कीर्ती प्रामुख्याने कॅनडातून पसरली. माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहाने एक प्रयोग सुरू झाला. मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकविण्यात आले. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मुले फ्रेंच चांगली शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचे काही बिघडले नाही, असे आढळून आले.

हा निष्कर्ष खरा आहे. पण तो कोणाविषयी आहे, हे पाहिले पाहिजे. ही मुले सुशिक्षित, सुस्थित घरांतील होती. त्यांची घरची भाषा इंग्रजी हीच त्या खंडातील प्रबळ भाषा होती. ती पुसली जाण्याचा धोका नव्हता. शिक्षकांना मुलांची भाषा समजत होती, आणि प्रारंभी मुले इंग्रजीत बोलली तरी ती चालवून घेतली जात होती. पालकांनी हा मार्ग विचारपूर्वक निवडला होता. शिवाय काही इयत्तांनंतर इंग्रजी भाषा हा विषयही शाळेत शिकविला जाई.

यांपैकी एकही अट पूर्ण होत नसता, केवळ इंग्रजी पाठ्यपुस्तक मुलाच्या हाती देणे, ही तिसरीच गोष्ट आहे. शिक्षणतज्ज्ञांनी तिला 'बुडविणे' असेच नाव दिले आहे. आपल्याकडे म्हणतात, की पाण्यात पडले म्हणजे पोहता येते. परंतु खेड्यात मुलाला विहिरीत उतरविताना त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधतात, आणि पोहणारा माणूस शेजारी असतो. भोपळा कायमचा नसतो. पण तो पहिल्याच दिवशी काढून घेणे हे कोणी पोहण्याचे शिक्षण मानीत नाही.

अमेरिकेत हा भेद न्यायालयापर्यंत गेला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या वतीने लढविल्या गेलेल्या लाऊ विरुद्ध निकल्स या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निर्णय दिला, की सर्वांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिल्याने समान वागणूक सिद्ध होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याचे शिक्षण तेथे बंदच झालेले असते. तरीही अमेरिकेतील वाद शमला नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये सार्वमताने द्विभाषिक वर्गांवर कडक मर्यादा घातल्या आणि २०१६ मध्ये दुसऱ्या सार्वमताने त्या उठविल्या. एकाच प्रांताने अठरा वर्षांत दोन विरुद्ध निर्णय द्यावेत, यावरून हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नसून समाजाच्या भीतींचा आणि आकांक्षांचाही आहे, हे ध्यानात येईल.

कर्नाटकातील वाद : समितीपासून घटनापीठापर्यंत

कर्नाटकात या प्रश्नाने १९८० नंतर उग्र रूप धारण केले. माध्यमिक शाळेत प्रथम भाषा म्हणून संस्कृत घेऊन कन्नड टाळता येते, या तक्रारीतून हा वाद सुरू झाला. त्याचा विचार करण्यासाठी शासनाने विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोकाक हे कन्नडचे मान्यवर कवी. त्याचबरोबर ते इंग्रजीचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य आणि हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालकही होते. इंग्रजीच्या अध्यापनात हयात घालविलेल्या या गृहस्थाने १९८१ मध्ये दिलेल्या अहवालात अशी शिफारस केली, की माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी आणि तिला १५० गुण असावेत. अहवालाच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले. लोकप्रिय अभिनेते राजकुमार त्यात उतरले, तेव्हा त्याला जनसागराचे रूप आले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात शासनाने आदेश काढला.

कन्नड भाषकांच्या दृष्टीने ही आपल्याच राज्यात आपल्या भाषेला न्याय मिळवून देण्याची चळवळ होती. त्यांची वेदना खोटी नव्हती. राजधानीत कन्नडवाचून कोणाचे अडत नाही, हे त्यांना रोज दिसत होते. परंतु शिवाजीनगरसारख्या वस्तीतील तमिळ आणि उर्दू भाषकांना त्याच आदेशात आपल्या मुलांवर नवा भार दिसला. अल्पसंख्याकांच्या शाळांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी १९८९ मध्ये पूर्णपीठाने या आदेशातील सक्तीचा भाग रद्द ठरविला.

त्यानंतर शासनाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे धोरण आखले. डिसेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या धोरणाला बाधा आणली नाही. २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीची बोधभाषा मातृभाषा किंवा कन्नड ठरविण्यात आली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी असेल, त्यांनाच इंग्रजी माध्यम मिळावे, अशी तरतूद होती. याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनवरील उर्दू बातमीपत्राच्या निमित्ताने बंगळूरमध्ये दंगल उसळली आणि माणसे प्राणास मुकली. भाषेचा प्रश्न शाळेच्या भिंतींआड राहत नाही, याची ही दुःखद आठवण आहे.

खासगी शाळांनी १९९४ च्या आदेशाला आव्हान दिले. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुलै २००८ मध्ये तो आदेश विनाअनुदानित खासगी शाळांना लागू करता येणार नाही, असा निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेले आणि ६ मे २०१४ रोजी त्याचा निकाल लागला. खासगी शाळांवर मातृभाषा हे माध्यम लादण्याचा अधिकार राज्याला नाही, असे घटनापीठाने सांगितले. मुलाची मातृभाषा कोणती, हे ठरविण्याचा अधिकार पालकाचा आहे, असेही सांगितले.

न्यायालयाने काय ठरविले, आणि काय ठरविले नाही

या निकालाचा अर्थ बहुतेकांनी 'इंग्रजी माध्यमाचा विजय' असा लावला. निकाल काळजीपूर्वक वाचल्यास मात्र निराळे चित्र दिसते. प्राथमिक वर्गांतील मूल मातृभाषेतून अधिक चांगले शिकते, या तज्ज्ञमताचे न्यायालयाने खंडन केलेले नाही. तज्ज्ञांचे एकमत असले, तरी त्याच्या आधारे शाळेची मान्यता अडवून ठेवता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर 'माध्यम कोणी निवडावे' या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले. 'मूल कसे शिकते' हा प्रश्न त्याच्यापुढे निर्णयासाठी नव्हताच.

पहिला प्रश्न अधिकाराचा आहे, दुसरा शिक्षणाचा. सार्वजनिक चर्चेत या दोहोंची सतत गल्लत होते. इंग्रजी निवडण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे इंग्रजी मिळाली, असे पालकांना वाटते. सक्ती अन्यायकारक ठरली, म्हणजे मातृभाषेचे महत्त्वही खोटे ठरले, असे शाळाचालक सांगतात. घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविलेले आहे. मातृभाषेची सक्ती करता येत नाही म्हणून ती सोय पुरविण्याचे कर्तव्य संपत नाही.

पालकांची बाजू

इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरणारे पालक भाषाद्वेष्टे किंवा अविचारी असतात, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. शिवाजीनगरातील एखाद्या शिंप्याचा किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा विचार करा. उर्दू शाळेतून मुलगी दहावी झाली, तर पुढे विज्ञान, वाणिज्य, वैद्यक, संगणक ही सारी दारे बहुतांशी इंग्रजीतूनच उघडतात. शहराचा नवा व्यवसाय, म्हणजे संगणक-उद्योग, इंग्रजीवर चालतो. सुस्थित वर्गाची मुले बालवर्गापासून इंग्रजीत शिकत असताना, गरिबाच्या मुलाला मात्र मातृभाषेचे माहात्म्य ऐकविले जाते. आणि ऐकविणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात, हे त्या पालकाला ठाऊक असते.

इंग्रजी ही दलितांच्या आणि वंचितांच्या हाती लागलेली शिडी आहे, हा विचारही नवा नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. आपल्या काळात कांचा इलय्या यांनी तोच मुद्दा हिरिरीने मांडला आहे. या युक्तिवादाला मातृभाषेच्या गौरवगीतांनी उत्तर देता येणार नाही. इंग्रजी हवी, हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : मुलाला ती खरोखर कोणत्या मार्गाने मिळते?

येथे भाषाशास्त्राचा एक निष्कर्ष साहाय्यभूत होतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून भाषाप्रभुत्वाच्या दोन प्रकारांकडे लक्ष वेधले. एक बोलचालीचे, दुसरे अभ्यासाचे. नव्या भाषेत खेळणे, बोलणे, विनोद करणे, हे मुलाला सुमारे दोन वर्षांत जमते. त्याच भाषेत व्याख्या समजणे, कारण सांगणे, उताऱ्याचा मथितार्थ काढणे, याला पाच ते सात वर्षे लागतात. आणि हे दिसते ते इंग्रजी ऐकू येणाऱ्या देशात. म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत मूल इंग्रजीत कविता म्हणून दाखविते, तेव्हा पालक समाधान पावतात. चौथी-पाचवीत तेच मूल विज्ञानाचा धडा न समजता पाठ करू लागते, तेव्हा दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे, की एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत वापरता येते. ज्याला आपल्या भाषेत वाचून समजण्याची सवय झाली, त्याला दुसऱ्या भाषेत ती सवय पुन्हा प्रारंभापासून लावावी लागत नाही.

नायजेरियातील इफे येथे १९७० मध्ये बाबाटुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. मुलांच्या एका गटाला प्राथमिक शिक्षणाची सहाही वर्षे योरुबा या त्यांच्या भाषेतून शिकविण्यात आले, आणि इंग्रजी हा विषय खास तयार केलेल्या शिक्षकाकडून शिकविण्यात आला. ही मुले अन्य विषयांत पुढे राहिली, आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. इंग्रजी चांगली यावी म्हणून सर्व विषय इंग्रजीतून शिकविणे अपरिहार्य आहे, या समजुतीला या प्रयोगाने धक्का दिला. इंग्रजी चांगली येण्यासाठी प्रथम इंग्रजीचा चांगला शिक्षक लागतो, ही साधी गोष्ट त्यातून पुढे आली.

'द्विभाषिक' म्हणजे कोणत्या दोन भाषा?

कर्नाटक शासनाने २००७-०८ पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आणला. पुढे २०१९-२० मध्ये एक हजार सरकारी शाळांत कन्नडबरोबर इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले. त्याच्या आधी, जानेवारी २०१९ मध्ये धारवाड येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनात अध्यक्ष चंद्रशेखर कंबार यांनी या योजनेला विरोध केला होता. लेखकांना भाषेची चिंता होती, तर पालकांना मुलांच्या भवितव्याची. सरकारी शाळा ओस पडत चालल्या होत्या, ही शासनाची अडचण होती. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी समजण्याजोगे आहे.

अशा प्रयत्नांत द्विभाषिक पाठ्यपुस्तकांचा मार्ग पुढे आला. आंध्र प्रदेशात एका पानावर तेलुगू आणि समोरच्या पानावर तोच मजकूर इंग्रजीत, अशी पुस्तके निघाली. महाराष्ट्रातही २०२२-२३ मध्ये पहिलीसाठी द्विभाषिक पाठ्यपुस्तके आली. त्याआधीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे 'सेमी इंग्रजी' वर्ग मराठी शाळांत रुळलेले होते. आंध्रातील तेलुगू किंवा महाराष्ट्रातील मराठी घरच्या मुलाला अशा पुस्तकाचा उपयोग उघड आहे : अडले, की समोरच्या ओळीवर नजर टाकावी.

आता हीच व्यवस्था शिवाजीनगरात आणून पाहावी. एका पानावर कन्नड, दुसऱ्यावर इंग्रजी. दख्खनी किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही दोन्ही पाने परकी आहेत. पुस्तक द्विभाषिक झाले. पण मूल जी भाषा घेऊन शाळेत आले, ती त्यात नाहीच. द्विभाषिक शिक्षणाची खरी कसोटी भाषांच्या संख्येत नाही. त्या दोहोंपैकी एक मुलाची आहे काय, यात ती आहे. ही कसोटी लावली, तर आपल्या मोठ्या शहरांतील पुष्कळ 'द्विभाषिक' वर्ग त्या नावाला पात्र ठरणार नाहीत.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की एका वर्गात चार भाषांची मुले असताना शिक्षकाने काय करावे? चार पुस्तके छापावीत काय? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक वर्गात प्रत्येक भाषेचे स्वतंत्र माध्यम उभारणे व्यवहार्य नाही. परंतु माध्यम आणि आधार या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुस्तक एका भाषेत असले, तरी समजावून सांगणे अनेक भाषांतून होऊ शकते. पहिली दोन-तीन वर्षे मुलाला आपल्या भाषेत उत्तर देण्याची मुभा असावी. शिक्षकाला वस्तीतील निदान दोन भाषा समजाव्यात, आणि नेमणुकीच्या वेळी हे पाहिले जावे. नवा पारिभाषिक शब्द देण्यापूर्वी मुलांकडून त्यांचा शब्द काढून घ्यावा. ज्यांना लिपी शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी उर्दू किंवा तमिळ हा विषय शाळेच्या वेळातच असावा. कन्नड ही २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत शिकणे आवश्यक झाले आहे, आणि ज्या राज्यात राहावयाचे त्या राज्याची भाषा येणे मुलाच्या हिताचेच आहे. तीही बाजारात कानावर पडलेल्या शब्दांवरून शिकविली, तर शिक्षा वाटणार नाही.

या सर्वांत खर्चिक अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तयार शिक्षक. पाठ्यपुस्तकाचे माध्यम शासनाच्या आदेशाने एका दिवसात बदलता येते. शिक्षक बदलण्यास वर्षे लागतात. ज्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही, तो इंग्रजी माध्यमाच्या वर्गात काय करतो? धडा वाचून दाखवितो, फळ्यावर उत्तरे लिहून देतो, आणि मुले ती उतरवून घेतात. या वर्गात इंग्रजीही नसते आणि उर्दूही नसते. तेथे फक्त नक्कल असते. अल्प शुल्क आकारणाऱ्या पुष्कळ खासगी शाळांवरील पाटी इंग्रजी माध्यमाची असली, तरी प्रत्यक्षात हे घडते, आणि त्याची किंमत मोजणारे पालक बहुधा ते ताडून पाहण्याच्या स्थितीत नसतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. माध्यम निवडण्याचा पालकांचा अधिकार मान्य झालेला आहे, आणि तो काढून घेण्याने भाषा वाचणार नाहीत. इंग्रजीची गरज खरी आहे. परंतु मुलाची भाषा वर्गाबाहेर ठेवल्याने इंग्रजी लवकर येते, याला पुरेसा आधार नाही. उलट ज्या मुलाच्या घरी इंग्रजी नाही, पुस्तके नाहीत, शिकवणीला पैसे नाहीत, त्याचाच या मार्गाने सर्वाधिक तोटा होतो. सुस्थिताचे मूल दोन्ही पद्धतींत तरून जाते. तेव्हा वादाचा निकाल लावताना दृष्टी या दुसऱ्या मुलावर असली पाहिजे.

अशा मुलाचा तोटा केवळ गुणपत्रिकेतला नसतो. आईला शाळेचा धडा वाचता येत नाही आणि मुलीला आजीचे उर्दू किंवा तमिळ पत्र वाचता येत नाही, अशी घरे आज शहरोशहरी आढळतात. शाळेने मुलीला नवे जग द्यावे, ही अपेक्षा योग्यच आहे. त्यासाठी जुन्याशी फारकत घेण्याची अट घालण्याचे मात्र काहीच कारण नाही. रसेल मार्केटातून परतणाऱ्या मुलीजवळ 'बाकी' हा शब्द असतो, आणि बहुधा त्यामागचे गणितही असते. शिक्षकाने तिच्याकडून तो शब्द मागून घ्यावा आणि त्याच्या शेजारी फळ्यावर 'रिमेंडर' लिहावे. मग तिला दोन्ही शब्द येतील, आणि भागाकारही येईल.

विचारासाठी प्रश्न

१. निमज्जन आणि 'बुडविणे' यांत कोणता फरक आहे? सेंट लँबर्ट येथील कोणत्या अटी आपल्या परिसरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पूर्ण होतात?

२. ६ मे २०१४ च्या निकालाने कोणता प्रश्न सुटला आणि कोणता तसाच राहिला?

३. आपल्या गावातील किंवा वस्तीतील शाळेत मुलांच्या घरी किती भाषा बोलल्या जातात, याची नोंद करा. त्यांपैकी किती भाषा शिक्षकांना समजतात?

४. आपल्या परिसरातील सर्व भाषांना समान असे 'बाकी'सारखे शब्द शोधा. कोणता विषय शिकविताना त्यांचा उपयोग होईल?